फ्रीरेडियस सोर्समधून बसवताना

फ्रीरेडियस म्हणजे वायफायला जोडू पाहणाऱ्याचं नाव-पासवर्ड तपासून होकार किंवा नकार देणारा, रेडियस या प्रोटोकॉलवर चालणारा सर्व्हर. एका ‘ॲप्ट इन्स्टॉल’मध्ये त्याचं तयार पॅकेज मिळत असताना तो सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून, कशाला बांधायचा? बहुतेक ठिकाणी बांधू नये, असंच माझं मत आहे. म्हापशातलं चाळीस खोल्यांचं हॉटेल असो की फोंड्यातली एखादी शाळा, डेबियनचं पॅकेज तिथे आरामात पुरतं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येतात. सोर्सकडे वळायची कारणं मोजकी आहेत. हवं असलेलं मॉड्यूल पॅकेजमध्ये नसणं, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या ठराविक आवृत्तीशीच जोडणी हवी असणं, स्वतःचा पॅच लावायचा असणं, किंवा तीन-चार ठिकाणचे सर्व्हर वेगवेगळ्या डिस्ट्रिब्युशनवर असूनही सगळीकडे नेमकी एकच आवृत्ती हवी असणं. यांपैकी एकही लागू नसेल तर पॅकेजच घ्या. लागू असेल तर पुढचं वाचा.

आवृत्तीचा मुद्दा २०२४ च्या जुलैत चांगलाच ऐरणीवर आला. ब्लास्टरेडियस नावाने ओळखली जाणारी त्रुटी (सीव्हीई-२०२४-३५९६) तेव्हा जाहीर झाली. रेडियसच्या उत्तराची सत्यता एमडी५ या जुन्या हॅश पद्धतीवर टेकलेली असल्यामुळे, मध्ये बसलेला हल्लेखोर नकाराचं उत्तर होकारात बदलू शकतो, असं तिचं स्वरूप होतं. फ्रीरेडियसने ३.२.५ मध्ये त्यावर उपाय दिला. डिस्ट्रिब्युशनवाले अशा दुरुस्त्या जुन्या आवृत्तीतच मागे नेऊन लावतात, त्यामुळे पॅकेजचा आकडा जुना दिसला म्हणजे दुरुस्ती नाही असं होत नाही. स्वतः बांधणाऱ्याला मात्र ही सोय नाही. आज बांधलेला सर्व्हर अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कायमची तुमची.

फाइलींची आणि आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची.

सोर्स गिटहबवरून क्लोन केला तर पहिला चकवा लगेच समोर येतो. आपोआप मिळणारी ‘मास्टर’ शाखा ही चौथ्या आवृत्तीचं चालू काम आहे. तिची कॉन्फिगरेशनची भाषा वेगळी आहे आणि ती उत्पादनात लावण्यासाठी नाही. ‘व्ही३.२.एक्स’ शाखा घ्या, किंवा त्याहून बरं म्हणजे ‘रिलीज_३_२_५’ अशा धर्तीचा नेमका टॅग चेकआउट करा. टारबॉल (सोर्सची एकत्र गुंडाळलेली फाइल) उतरवत असाल तर सोबतची सही जीपीजीने तपासा. लोकांचे पासवर्ड ज्याच्या हाती जाणार त्या सॉफ्टवेअरबाबत एवढं तरी हवंच. गिटच्या फोल्डरमधून बांधताना आणखी एक गोष्ट घडते. ‘.गिट’ दिसलं की कॉन्फिगर (बांधणीची तयारी करणारी स्क्रिप्ट) आपणहून डेव्हलपर बिल्ड चालू करतो. त्यात पॉइंटर पडताळणारे जादा तपास असतात आणि सर्व्हर मंदावतो. ते टाळायला ‘--डिसेबल-डेव्हलपर’ द्यायचं.

डेबियन-उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियलखेरीज दोन लायब्ररींच्या ‘डेव्ह’ पॅकेजेसशिवाय गाडी हलत नाही: लिबटॅलॉक आणि लिबएसएसएल. मेक (प्रत्यक्ष बांधणी करणारं साधन) मात्र जीएनयूचाच लागतो, बीएसडीवर असाल तर ‘जीमेक’. बाकीचं गरजेनुसार: डेटाबेस वापरायचा तर लिबमारियाडीबी, डिरेक्टरी सर्व्हरशी बोलायचं तर लिबएलडॅप, रेस्ट मॉड्यूलसाठी लिबकर्ल आणि लिबजेसन-सी, रॅडस्निफ (रेडियसची पॅकेटं पाहण्याचं साधन) हवा असेल तर लिबपीकॅप, आणि सिस्टिमडीखाली (लिनक्सवर सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम) चालवायचा असेल तर लिबसिस्टिमडी. या शेवटच्याकडे पुढे परत यावं लागेल.

आता कॉन्फिगर. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण पुढे येणाऱ्या बऱ्याच अडचणींचं मूळ इथेच असतं. टॅलॉक किंवा ओपनएसएसएल सापडलं नाही तर कॉन्फिगर आरडाओरडा करून थांबतो. बाकी मॉड्यूलांच्या बाबतीत तो थांबत नाही. प्रत्येक ‘आरएलएम’ मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये त्याची स्वतःची कॉन्फिगर स्क्रिप्ट असते. तिला हवी ती लायब्ररी मिळाली नाही तर ती एक इशारा छापते की हे मॉड्यूल निमूटपणे वगळत आहे, आणि पुढे जाते. हजारो ओळींच्या धबधब्यात ती ओळ वाहून जाते. शेवटी सगळं व्यवस्थित पार पडल्यासारखं दिसतं, मेकही पार पडतो, आणि सर्व्हर सुरू करताना कळतं की ‘आरएलएम_एसक्यूएल_मायएसक्यूएल’ हा ड्रायव्हर जोडताच येत नाही. लोक मग लायब्ररीचे मार्ग तपासत बसतात, कारण त्रुटीचा मजकूरच त्या दिशेला बोट दाखवतो. खरं म्हणजे ती फाइल बनलेलीच नसते.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला, कॉन्फिगरचं सगळं आउटपुट ‘टी’ वापरून फाइलीत ठेवा आणि त्यात ‘वॉर्निंग’ शब्द ग्रेपने शोधा. बरेच इशारे येतील: ओरॅकल नाही, फायरबर्ड नाही, केरबेरॉस नाही. जे लागत नाही ते सोडून द्या, पण यादी एकदा शेवटपर्यंत वाचा. दुसरा, आपल्याला काय हवं हे पक्कं झालं की नको असलेली मॉड्यूलं ‘--विदाउट-आरएलएम_’ आणि पुढे नाव, असं देऊन बाद करा आणि मग ‘--एनेबल-स्ट्रिक्ट-डिपेंडन्सीज’ लावा. यानंतर एखादी लायब्ररी हरवली तर कॉन्फिगर तिथेच थांबेल. पुढच्या वर्षी दुसरं कोणी नव्या मशीनवर हेच बांधेल तेव्हा ही एक ओळ त्याचा अख्खा दिवस वाचवेल. म्हणून वापरलेली कॉन्फिगरची पूर्ण आज्ञा एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये लिहून गिटमध्ये ठेवा.

जागेबद्दल. काही न सांगता बांधलं तर सगळं ‘/यूएसआर/लोकल’खाली जातं आणि कॉन्फिगरेशन तिथल्याच ‘इटीसी/रॅडडीबी’मध्ये. डेबियनच्या पॅकेजमध्ये तेच ‘/इटीसी/फ्रीरेडियस/३.०’मध्ये असतं आणि सर्व्हरच्या प्रोग्रॅमचं नाव ‘रेडियसडी’ऐवजी ‘फ्रीरेडियस’ असतं. दोन्ही एकाच मशीनवर ठेवले की माणूस एका जागची फाइल बदलतो आणि सर्व्हर दुसऱ्या जागची वाचत असतो. तेव्हा पॅकेज आधी पूर्ण काढून टाका. मी सुचवेन ती मांडणी अशी: प्रीफिक्स (सगळं जिथे बसतं तो मूळ फोल्डर) ‘/ऑप्ट’खाली आवृत्तीच्या नावाचा, ‘--सिस्कॉन्फडिर’ला ‘/इटीसी’, ‘--लोकलस्टेटडिर’ला ‘/व्हार’. म्हणजे प्रोग्रॅम आवृत्तीनुसार वेगळे राहतात, कॉन्फिगरेशन ‘/इटीसी/रॅडडीबी’त आणि लॉग ‘/व्हार/लॉग/रेडियस’मध्ये एकाच जागी. मेक इन्स्टॉल आधीपासून असलेल्या कॉन्फिगरेशन फाइलींवर लिहीत नाही, त्यामुळे पुन्हा बसवताना तुमचे बदल शाबूत राहतात. उलट बाजूही ध्यानात असू द्या: नव्या आवृत्तीत आलेले नवे पर्यायही तुमच्या जुन्या फाइलींत आपोआप उमटत नाहीत.

मेक आणि मेक इन्स्टॉल यांत विशेष काही नाही. डेबियनवर असाल तर ‘मेक डेब’ने पॅकेजच बनवून घेणं जास्त शहाणपणाचं, काढणं-घालणं सोपं होतं आणि चार मशीनवर एकच फाइल न्यावी लागते. मात्र ते पॅकेज जागेच्या आणि नावाच्या बाबतीत डेबियनचीच पद्धत पाळतं, वर सांगितलेली मांडणी नाही.

सर्व्हरसाठी ‘रेडियस’ नावाचा लॉगिन नसलेला युझर बनवा आणि रेडियसडी डॉट कॉन्फमधल्या ‘सिक्युरिटी’ विभागात युझर आणि ग्रुपच्या ओळी उघडा. मग रूट म्हणून एकदा चालवून पाहायचा मोह आवरा. रूटने चालवलं की प्रमाणपत्रं आणि डिटेल (नोंदींच्या) फाइली रूटच्या मालकीच्या बनू शकतात आणि नंतर सेवा सुरू होताना ‘परमिशन डिनाइड’ येतं.

पहिली सुरुवात कायम डीबगमध्ये: रेडियसडीला वजा चिन्हासह मोठा एक्स. शेवटची ओळ ‘रेडी टू प्रोसेस रिक्वेस्ट्स’ आली की सर्व्हर उभा राहिला. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ आलं तर मागे सेवा म्हणून एक प्रत आधीच चालू आहे. नुसतं कॉन्फिगरेशन तपासायचं असेल तर मोठ्या एक्ससोबत मोठा सी द्या. तपासून तो बंद होतो. प्रत्येक बदलानंतर हे करायची सवय ठेवा, आणि एका वेळी एकच बदल करा. डीबगचं आउटपुट लांबलचक असतं म्हणून लोक ते टाळतात. पण कोणती विनंती आली, कोणत्या मॉड्यूलने काय उत्तर दिलं, पासवर्ड कुठून मिळाला, हे सगळं त्यात क्रमाने लिहिलेलं असतं. या सर्व्हरच्या बाबतीत अंदाजाने फाइली बदलण्यापेक्षा त्या दोनशे ओळी वाचणं केव्हाही लवकर संपतं.

चाचणीसाठी ‘मॉड्स-कॉन्फिग/फाइल्स/ऑथराइझ’ या फाइलीत सगळ्यात वर एक युझर घाला: ओळीच्या अगदी सुरुवातीला नाव, मग क्लियरटेक्स्ट-पासवर्ड, मग कोलन आणि बरोबरचं चिन्ह जोडून, मग अवतरणात पासवर्ड. नावाआधी मोकळी जागा सोडली तर ती ओळ मागच्या नोंदीचा भाग समजली जाते. मग रॅडटेस्टला नाव, पासवर्ड, १२७.०.०.१, शून्य आणि ‘टेस्टिंग१२३’ हे लोकलहोस्टसाठीचं ठरलेलं गुपित द्या. ‘ॲक्सेस-ॲक्सेप्ट’ आलं पाहिजे.

हे जमलं की ॲक्सेस पॉइंट जोडायचे. क्लायंट्स डॉट कॉन्फमध्ये प्रत्येकाचा पत्ता किंवा त्यांचं सबनेट, आणि लांब, यादृच्छिक गुपित. अनोळखी पत्त्यावरून विनंती आली तर सर्व्हर तिला नकारसुद्धा देत नाही, दुर्लक्ष करतो. ॲक्सेस पॉइंटला वाटतं सर्व्हर बंद आहे. डीबगमध्ये मात्र ‘अननोन क्लायंट’ अशी ओळ पत्त्यासकट दिसते. डीबगमध्ये काहीच दिसत नसेल तर टीसीपीडंपने यूडीपी १८१२ पाहा. टीसीपीडंपला पॅकेट दिसतं आणि रेडियसडीला दिसत नाही, याचा अर्थ मशीनवरचा फायरवॉल अडवतो आहे. १८१२ प्रमाणीकरणासाठी, १८१३ हिशेबासाठी (कोण कधी जोडला, कधी सुटला याच्या नोंदी); काही जुनी उपकरणं अजून १६४५ आणि १६४६ वापरतात, तेही बघून घ्या. गुपित चुकलं असेल तर साध्या पॅप (पासवर्ड थेट पाठवण्याची पद्धत) विनंतीत पासवर्डच्या जागी अगम्य अक्षरं दिसतात, आणि मेसेज-ऑथेंटिकेटर (पॅकेटमध्ये फेरफार झालेला नाही याची खूण) असेल तर ते पॅकेट फेकलंच जातं. सगळी उपकरणं मेसेज-ऑथेंटिकेटर पाठवू लागली की क्लायंटच्या नोंदीत ‘रिक्वायर_मेसेज_ऑथेंटिकेटर’ला ‘येस’ करा. ब्लास्टरेडियसचा बंदोबस्त खऱ्या अर्थाने तिथे होतो.

रॅडटेस्ट चालला म्हणजे वायफाय चालेल असं नाही, कारण तो ईएपी, म्हणजे वायफायच्या लॉगिनची देवाणघेवाण, तपासत नाही. त्यासाठी डब्ल्यूपीए सप्लिकंटच्या सोर्समधून ‘ईएपीओएल_टेस्ट’ हा प्रोग्रॅम बांधून घ्या: ‘.कॉन्फिग’मध्ये ‘कॉन्फिग_ईएपीओएल_टेस्ट’ला वाय द्यायचं आणि मेकला त्याचं नाव सांगायचं. पीप (ईएपीचा सुरक्षित बोगद्यातून चालणारा प्रकार) आणि एमएसचॅपव्ही२ (त्याच्या आतली पासवर्डची पडताळणी) यांची पाच-सहा ओळींची फाइल देऊन तो चालवला की शेवटी ‘सक्सेस’ येतं. फोन हातात धरून मजले चढत-उतरत तपासण्याची गरज उरत नाही.

फोनला सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांकडे लक्ष कमी जातं आणि त्रास मात्र तिथूनच जास्त होतो. सोबतच्या बूटस्ट्रॅप स्क्रिप्टने बनणारी प्रमाणपत्रं चाचणीपुरती आहेत आणि त्यांची मुदत ६० दिवस आहे. कॉलेज सुरू होताना जूनच्या शेवटी सर्व्हर बसवला तर ती मुदत ऑगस्टच्या शेवटी संपते. चतुर्थी नेमकी त्याच सुमारास, निम्मा गोवा गावच्या घरी, आणि सुट्टीवरून परतल्यावर एकाही फोनला जोडता येत नाही. कॉन्फिगरेशनला कोणी हात लावलेला नसल्यामुळे प्रमाणपत्राचा संशयही येत नाही. त्यामुळे सुरुवातीलाच ‘रॅडडीबी/सर्ट्स’मध्ये ‘मेक डिस्ट्रॉयसर्ट्स’ करून चाचणीची प्रमाणपत्रं उडवा. सीए डॉट सीएनएफ आणि सर्व्हर डॉट सीएनएफ या दोन्हींत ‘डिफॉल्ट_डेज’, संस्थेचं नाव आणि पासवर्ड बदला आणि नव्याने बनवा. सीएला (बाकी प्रमाणपत्रांवर सही करणारं मूळ प्रमाणपत्र) दहा वर्षं द्यायला हरकत नाही. सर्व्हरच्या प्रमाणपत्राला ८२५ दिवसांपेक्षा जास्त देऊ नका. ॲपलने २०१९ पासून टीएलएस सर्व्हर प्रमाणपत्रांना ती मर्यादा घातली आहे. सर्व्हरच्या सीएनएफमधला खासगी किल्लीचा पासवर्ड आणि ‘ईएपी’ मॉड्यूलमधला ‘प्रायव्हेट_की_पासवर्ड’ सारखेच हवेत. मुदत संपण्याची तारीख कार्यालयातल्या सर्वांना दिसेल अशा कॅलेंडरमध्ये घाला, आणि तीही महिनाभर आधीची.

डीबगमध्ये ईएपी सत्र पूर्ण झालं नाही असा इशारा वारंवार दिसत असेल तर दहापैकी आठ वेळा फोनने प्रमाणपत्र नाकारलेलं असतं. अँड्रॉइड ११ नंतरच्या अनेक फोनांवर ‘पडताळणी नको’ हा पर्यायच राहिलेला नाही. सीएचं प्रमाणपत्र फोनमध्ये घालावं लागतं आणि सर्व्हरचं डोमेन नाव टंकावं लागतं. लोकांना हे जाचक वाटतं, पण नियम बरोबर आहे. पडताळणी नसेल तर शेजारच्या पार्किंगमध्ये त्याच नावाचा ॲक्सेस पॉइंट लावून कोणीही लॉगिनची देवाणघेवाण गोळा करू शकतो. उरलेल्या वेळांत कारण पॅकेटच्या आकाराचं असतं. पणजीच्या मुख्यालयातला सर्व्हर आणि मडगावची शाखा व्हीपीएनने जोडलेली असेल, तर प्रमाणपत्रांची लांब साखळी वाहणारी यूडीपी पॅकेटं बोगद्यात तुटतात आणि अर्धवट हरवतात. ईएपी मॉड्यूलमधला ‘फ्रॅग्मेंट_साइझ’ १०२४ किंवा त्याहून खाली आणून बघा.

पासवर्ड कसे साठवले आहेत हे पीप लावण्याआधी पाहायला हवं. एमएसचॅपव्ही२ ला एकतर उघडा पासवर्ड लागतो किंवा एनटी हॅश (विंडोजच्या पद्धतीने साठवलेला पासवर्ड). कॉलेजच्या संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये बीक्रिप्ट या वेगळ्या हॅश पद्धतीने साठवलेले पासवर्ड असतील तर पीपला ते उपयोगाचे नाहीत. कुठलंही मॉड्यूल जोडा, गणितच जुळत नाही. अशा वेळी टीटीएलएस या ईएपीच्या दुसऱ्या प्रकाराच्या आत पॅप चालतं, किंवा विद्यार्थ्यांना वायफायसाठी वेगळा पासवर्ड द्यावा लागतो.

विद्यार्थी एका व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) आणि शिक्षक दुसऱ्यात टाकायचे असतील तर उत्तरात तीन गोष्टी जातात: टनेल-टाइप व्हीलॅन, टनेल-मीडियम-टाइप आयईईई-८०२ आणि टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडीमध्ये व्हीलॅनचा क्रमांक. पीपमध्ये या गोष्टी आतल्या बोगद्यात ठरतात आणि बाहेरच्या उत्तरात आपोआप येत नाहीत. ‘साइट्स-एनेबल्ड/इनर-टनेल’च्या पोस्ट-ऑथ भागात यासाठीच एक ‘इफ’ लिहून ठेवलेला आहे, कंसात शून्य असलेला. त्या शून्याचा एक करा.

आता पावसाळ्याकडे. जून ते सप्टेंबर गोव्यात वीज जाते-येते हे गृहीत धरूनच हा सर्व्हर लावायला हवा. वीज परत आली की सगळी यंत्रं एकदम उठतात आणि बहुधा मारियाडीबी तयार होण्याआधी रेडियसडी सुरू होतो. एसक्यूएल मॉड्यूलच्या ‘पूल’मध्ये ‘स्टार्ट’ला जो आकडा असतो तेवढ्या जोडण्या सुरुवातीलाच मिळाल्या नाहीत तर सर्व्हर बंद पडतो. तो आकडा शून्य करा, म्हणजे डेटाबेस नसतानाही सर्व्हर उभा राहतो आणि नंतर जोडणी करतो. सिस्टिमडीच्या युनिटमध्ये ‘आफ्टर’मध्ये मारियाडीबी आणि ‘रिस्टार्ट’मध्ये ‘ऑन-फेल्युअर’ घाला. युनिट फाइल सोर्समधून उचलत असाल तर प्रोग्रॅमचा मार्ग तुमच्या प्रीफिक्सप्रमाणे बदला आणि ‘टाइप’ पाहा. तिथे ‘नोटिफाय’ असेल आणि बांधताना लिबसिस्टिमडी नव्हतं, तर सर्व्हर ठणठणीत चालू असूनही सिस्टिमडीला निरोप मिळत नाही आणि दीड मिनिटाने तो त्याला मारून टाकतो. निमूटपणे वगळलेल्या गोष्टींपैकी ही ओळखायला सगळ्यात अवघड.

विजेमुळे हिशेबही बिघडतो. ॲक्सेस पॉइंट अचानक बंद पडला की ‘स्टॉप’ पॅकेट येत नाही आणि ‘रॅडअकाउंट’ तक्त्यात ते सत्र उघडंच राहतं. एका वेळी एकच जोडणी असा नियम लावलेल्या हॉटेलात पाहुण्याला मग ‘तुम्ही आधीच जोडलेले आहात’ म्हणून नकार मिळतो. उपकरणाने उठल्यावर ‘अकाउंटिंग-ऑन’ पाठवलं तर फ्रीरेडियसच्या क्वेरी त्याची जुनी सत्रं बंद करतात. स्वस्त उपकरणं ते पाठवतातच असं नाही. म्हणून ‘ॲक्ट-इंटरिम-इंटरव्हल’ ६०० सेकंद ठेवा आणि दर दहा मिनिटांनी क्रॉनमधून अशी क्वेरी चालवा की ज्या सत्राची समाप्तीची वेळ रिकामी आहे आणि शेवटची खबर अर्ध्या तासापेक्षा जुनी आहे, त्याची समाप्ती त्या शेवटच्या खबरेच्या वेळेवर लावावी. आरएफसी २८६९ सुद्धा ६०० पेक्षा कमी अंतर ठेवू नये असंच सुचवतो. अर्ध्या तासात तीन खबरा हुकल्या म्हणजे माणूस गेला असं मानायला हरकत नाही.

सर्व्हर रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डवर असेल तर घड्याळाचीही काळजी घ्या. बॅटरीवरचं घड्याळ नसेल तर वीज आल्यावर, क्रॉनीला (घड्याळ इंटरनेटवरून जुळवणारा प्रोग्रॅम) वेळ मिळेपर्यंत, तो जुन्याच तारखेत असतो. पीपमध्ये प्रमाणपत्र फोन तपासतो म्हणून तिथे फरक पडत नाही, पण ईएपी-टीएलएसमध्ये क्लायंटचं प्रमाणपत्र सर्व्हर तपासतो आणि कालच दिलेलं प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ म्हणून नाकारतो. हिशेबाच्या नोंदींतल्या वेळाही चुकतात.

नवी आवृत्ती आली की तिचा स्वतंत्र प्रीफिक्स, त्याच स्क्रिप्टने बिल्ड, जुन्या रॅडडीबीची प्रत घेऊन मोठ्या एक्स आणि सीने तपासणी, मग ‘/ऑप्ट/फ्रीरेडियस’ ही सिमलिंक नव्याकडे वळवून रिस्टार्ट. युनिट फाइलीत सिमलिंकचाच मार्ग दिलेला असेल तर परत फिरायला एक आज्ञा पुरते. ऑपरेटिंग सिस्टिमची मोठी अपग्रेड केली आणि ओपनएसएसएलची मुख्य आवृत्ती बदलली, तर जुना बिल्ड लिबएसएसएल जुळत नाही असं सांगून सुरूच होत नाही. तेव्हा अपग्रेडच्या दिवशीच बिल्डचीही वेळ धरून ठेवा आणि जुना प्रीफिक्स निदान एक ‘पीप’ आणि एक ‘अकाउंटिंग’ चाचणी पार पडेपर्यंत पुसू नका.